बिबट्याला रॉक आवडत नाही म्हणे

आमचा बँड तीन वर्षं चालला. गाणी झाली सहा, आणि किस्से एवढे की अजूनही आम्ही तिघं भेटलो की चहा गार होतो. त्यातले बहुतेक किस्से भीतीचे. गाजलेला कार्यक्रम माणूस विसरतो, पण पाय कधी लटपटले ते विसरत नाही! (आमचा एकही कार्यक्रम गाजला नाही, तो भाग वेगळा.)

दत्तू गायचा, सलीम ड्रम वाजवायचा, मी गिटार. साल दोन हजार एक-दोन. कॉलेज जुन्नरला. तिथंच सलीमच्या अब्बांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. प्रॅक्टिस मात्र बोरी बुद्रुकला, दत्तूच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. चारी बाजूंनी ऊस.

*

अब्बांच्या दुकानावर आम्ही पाटी लावली होती : 'रॉक बँड'. एक दिवस अवसरी गावचे एक पाहुणे आले.

"बँड तुमचाच का?"

"हो!" आमच्या छात्या फुगल्या.

"पोराची वरात हाय."

मी त्यांना रॉक म्हणजे काय ते समजावलं. बंडखोरी, सत्य, व्यवस्थेला प्रश्न! त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते समदं खरं, राव. पण घोडं तुमी आणणार का आमी?"

गेलो. पहिल्याच गाण्याला घोडं उधळलं. नवरदेव वर होता!

*

खोडदला एका गणेश मंडळाने बोलावलं. समोर तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड अँटेना. दत्तूने हौसेने कॉर्डलेस माइक आणला होता. गाता गाता त्याने मान वर केली आणि गाणंच विसरला. एक अँटेना हळूहळू आमच्याकडे वळत होती!

"आपल्यालाच बघतीय का रं ती?" तो माइकमध्येच म्हणाला.

तेवढ्यात दुर्बिणीकडचा एक माणूस सायकल दामटत आला. "माइक बंद करा, भाऊ! साहेब लोक आभाळातला बारीक आवाज ऐकत्यात, अन् मधी तुमचा हा गाणारा येतोय!"

आभाळातलं ऐकायला एवढी यंत्रणा, आणि आमचं ऐकायला समोर नऊ माणसं. मला फार राग आला होता.

*

दत्तू घशातून गुरगुरून गायचा. त्याच सुमारास उसात बिबटे वाढले होते. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. एके दिवशी प्रॅक्टिसला गेलो तर खोलीमागे पिंजरा, पिंजऱ्यात शेळी, बाहेर वनखात्याचा माणूस.

"हितनं रोज वाघाचा आवाज येतोय म्हणून तक्रार हाय."

दत्तूने लाजत गुरगुरून दाखवलं. तो माणूस दोन पावलं मागे सरकला. मग म्हणाला, "पिंजरा राहू द्या. पण तुमी नका ओरडू. शेळीनं सकाळपासनं तोंडाला पाला लावला न्हाई!"

*

पुढच्याच आठवड्यात खोलीच्या दारात ठसे सापडले. खरे. माझ्या तळहाताएवढे. शेजारच्या गोठ्यातलं वासरू गेलं होतं.

सलीम म्हणाला, "प्रॅक्टिस बंद."

मी चिडलो. "घाबरून गप्प बसायचं असेल तर रॉक कशाला? रॉक म्हणजेच न भिणं!"

"बरोबर," सलीम म्हणाला. "तू पुढं चाल."

त्या दिवशी आम्ही तिघं उसातून आडवे, खांद्याला खांदा लावून बाहेर आलो. पायवाट एकाच माणसापुरती होती!

*

दत्तूच्या चुलतीला आम्ही नानी म्हणायचो. म्हशीला गवत कापायला तिला रोज उसात शिरावंच लागे. रानात जाताना आवाज करा, रेडिओ लावा, असं वनखात्याने सांगितलं होतं. नानीने आम्ही प्रॅक्टिसला भरलेली आमच्या गाण्यांची कॅसेट लावली! टेप बांधावर, आवाज पुरा मोठा, आणि ती खुशाल आत.

"रेडिओवर मधीच बातम्या लागत्यात," ती म्हणायची. "वाघ बातम्यांना भीत न्हाई. दत्त्याला भितो."

दत्तू खूश. माझी झोप उडाली. एक बाई आमच्या गाण्याच्या भरवशावर जीव धोक्यात घालून आत जात होती.

एका दुपारी आम्ही तिघं सायकली ढकलत रस्त्याने येत होतो. पलीकडच्या बांधावर टेप वाजत होता. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच तो रडल्यासारखा झाला आणि बंद पडला. सेल संपले.

वारा नव्हता. तरी उसाचे शेंडे हलत होते. एका जागी नानी असणार.

शेंडे दोन जागी हलत होते.

सलीमने माझं मनगट धरलं. दत्तूने डोळे मिटले आणि कॅसेट जिथं थांबली होती तिथून पुढे गायला लागला. सलीम सायकलच्या कॅरियरवर दोन्ही हातांनी बडवत सुटला. मग मीही गायला लागलो. सूर कुठला, ताल कुठला!

एका जागचे शेंडे थांबले. दुसरे हलतच राहिले, आमच्या दिशेने, जवळ, आणखी जवळ. दत्तू गायचा थांबला नाही.

ऊस फाकला आणि नानी बाहेर आली. डोक्यावर भारा, गवत पार डोळ्यांवर आलेलं.

"कोण, दत्त्या का?" ती म्हणाली. "सेल बदल रं त्या टेपचे. आज तुझं गाणं लई थरथरत व्हतं."