ट्रंकेतले जाळीचे चष्मे

त्या सकाळी जाळीचे चष्मे माझ्या ट्रंकेत होते आणि ट्रंकेला कुलूप होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरांना मी वेगळंच सांगितलं, आणि पुढं तेच खरं म्हणून चालत राहिलं.

दुष्काळाचं साल होतं. मी पुण्याला समाजकार्याच्या कॉलेजात होतो. कामावर माणसं जखमी का होतात आणि ते कसं टाळता येईल, हे बघायला कॉलेजनं आम्हा काही मुलांना विद्यावृत्ती दिली होती. मी मूळचा शेवगावचा, म्हणून सरांनी मला माझाच मुलूख दिला. तिसगावच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. बाया ओळीनं बसून खडी फोडत. दगडाच्या कपच्या उडायच्या त्या थेट तोंडावर. निघताना सर म्हणाले, "नुसत्या जखमा लिहून आणू नकोस. एक तरी टाळून दाखव."

त्यासाठीच ते चष्मे होते. काचेचे नव्हेत. बारीक तारेची जाळी, कडेला कातडं, मागं बांधायला नाडी. पहिल्या दिवशी वाटले तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "बैलाच्या तोंडाला मुसकं असतंय, आमच्या डोळ्याला आलं." घाम जाळीवर साचायचा, दिसायचं नाही, हात मंदावायचा. खडीचं माप कमी भरलं की मजुरी कमी. म्हणून बऱ्याच जणी चष्मा काढून मांडीखाली ठेवत. हे खरं आहे, आणि पुढं मी हेच वापरलं.

पण एक तरुण बाई होती. बाभळीला झोळी बांधून त्यात लेकीला निजवायची आणि तिथंच बसून दगड फोडायची. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी चष्म्याच्या वरच्या कडेला शिवली, घाम चिंधीत मुरायला लागला. शेजारणीनं बघितलं, तिनं शिवली. हळूहळू सगळी ओळ चष्मे लावून बसायला लागली. मला फार बरं वाटत होतं. सर आले की काय काय दाखवायचं, हे मी मनात घोळवत असे.

मग चष्मे हरवायला लागले. एक पोरांनी विहिरीत टाकला. एकाची जाळी कुणीतरी चहा गाळायला काढून नेली. मुकादम म्हणाला, "साहेब, वाटली वस्तू ती गेली. तुमचे सर आल्यावर काय दाखवनार, नाड्या?" तेवढ्यात सर येणार असा निरोप आला.

माझे वडील शाळामास्तर. शाळेत पृथ्वीचा एक गोल होता. तो कपाटात असायचा आणि तपासणीला साहेब आले की टेबलावर यायचा. तेवढ्या वेळापुरता आम्ही पोरांनी तो बघितलेला. हात लावलेला नाही. वस्तू वापरली की खराब होते आणि तपासणीला खराब वस्तू दिसली की नामुष्की, हे मी बोलायला शिकलो त्याच्याही आधी शिकलो असेन. मी उरलेले चष्मे गोळा केले, धुतले, वाळवले, ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. सर आले की वाटायचे.

सर आले नाहीत. जीप मिळाली नाही, मग दुसरं काही निघालं. मी रोज वाट बघत होतो. बाया रोज उघड्या डोळ्यांनी दगड फोडत होत्या. ट्रंक त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या राहुटीत.

त्या सकाळी वारं सुटलं होतं. ती बाई राहुटीशी आली.

"भाऊ, माजी जाळी द्या की. कपच्या लई उडतात आज."

"उद्या देतो. सर यायचेत."

"मंग आज कामाला बसू नको का?"

"अहो, खराब होतील. पुन्हा कुठून आणू?"

ती मग हसून म्हणाली, "साहेबाच्या डोळ्यासाठी हायत व्हय ती?" आणि गेली. टोमणा होता, पण वाईट वाटावं इतका नव्हता. मलाही हसू आलं. ते मी हसलो, हे मला अजून सोसत नाही.

कपची डाव्या डोळ्यात गेली. ती ओरडली नाही. हातोडी खाली ठेवली, अगदी नीट ठेवली, आणि पदर डोळ्याला लावला. पदर लाल झाल्यावर शेजारणीला कळलं. मग सगळ्याजणी उठल्या. झोळीतली लेक रडायला लागली. खडीच्या ट्रकमधून तिला नगरला नेलं.

ट्रक दिसेनासा झाला आणि मी राहुटीत जाऊन कुलूप काढलं. होते तेवढे सगळे चष्मे वाटले. एकेकीनं हात पुढं केला, घेतला, बांधला.

सर नेमके दुसऱ्या दिवशी आले. ओळीनं बाया चष्मे लावून बसलेल्या. सर खूश झाले. मग मुकादमानं डोळ्याचं सांगितलं, आणि सर माझ्याकडं वळले. "तिला दिला नव्हता?"

"दिला होता, सर. काढून ठेवतात. घामानं दिसत नाही म्हणतात."

मुसक्याचं बोललेली म्हातारी चार हातांवर होती. तिची हातोडी थांबली. जाळीतून डोळे दिसत नव्हते, पण तोंड माझ्याकडं होतं. मग हातोडी पुन्हा सुरू झाली. मजुरी मुकादमाच्या मापावर, मुकादम माझ्या बाजूला उभा. ती काय बोलणार होती?

सर म्हणाले, "म्हणजे देऊनही उपयोग नाही." दुसऱ्या कामांवर चष्मे पाठवायचे ठरत होतं, ते राहिलं. त्या कामांवर पुढं कुणाकुणाचे डोळे गेले, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. माझी विद्यावृत्ती पुढच्या वर्षीही चालू राहिली.

एकदा नगरला दवाखान्यात गेलो. डोळा काढला होता. अर्ध्या तोंडावर पट्टी, लेक पायथ्याशी.

"जाळ्या वाटल्या का, भाऊ?"

"वाटल्या."

"बरं झालं. साहेब आल्ते?"

"आले होते."

"काय म्हनले?"

"चांगलं काम आहे म्हणाले."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मुकादमाला इचारा, माजं नाव कामावर हाय का. एका डोळ्यानं बी फोडीन मी."

विचारतो म्हणालो. नाव कमी केलेलं मला तेव्हाच माहीत होतं. मी परत गेलो नाही.

पुढं मी शिकवायला लागलो, हाच विषय. दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी येऊन सांगतो, सर, साधनं दिली तरी बायका वापरत नाहीत. मी मान हलवतो. आणि पुढचा मुद्दा शिकवायला घेतो. रात्रीची झोप वगैरे मी बोलत नाही, ती ज्याची त्याला.

चष्मा मी दिला नाही, हे तिला ठाऊक आहे. दोष मी तिच्यावर टाकला, हे तिला ठाऊक नाही. मी राहतो तिथून तिसगावला एसटी जाते. ती असेल तर तिला, नसेल तर तिच्या लेकीला, आणि मग माझ्या वर्गाला, मी एवढं सांगायचं देणं लागतो: तिनं चष्मा मागितला होता. मी दिला नाही, आणि तिनंच लावला नाही असं सांगितलं.