विकलेल्या जमिनीचा राब
परवा सकाळी आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये धूर शिरला, वाळका पाला आणि शेण एकत्र जळतं तेव्हा येतो तसला, आणि मला एकदम भूगावच्या आमच्या खाचरातली उन्हाळ्यातली ती सकाळ आठवली. भाताचं बी पेरायच्या आधी वडील दरवर्षी खाचराच्या कोपऱ्यात पाला, शेण पसरून तेवढा तुकडा भाजायचे; आमच्याकडे त्याला राब म्हणतात. त्या साली मात्र जमीन बिल्डरला विकून झाली होती, सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं होतं, सभोवार पत्रेही ठोकले होते. तरी वडील पत्र्यांच्या फटीतून आत शिरले आणि डोक्यावर शेणाची पाटी घेऊन मी त्यांच्या मागे. पाल्याने पेट घेतला तसा बिल्डरचा वॉचमन बादली घेऊन धावत आला. "बाबा, इकली ना जमीन? आता कुणासाठी भाजताय? साहेब पोलिसात देतील तुमाला." वडील काठीने पाला सारखा करत राहिले. "आमी इकली रं," ते म्हणाले, "तिला कुटं म्हाईत हाय? ती वाट बघत आसंल." वॉचमनने बादली खाली ठेवली. राख निवेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून होतो. पुढच्याच आठवड्यात जेसीबी आला. त्याच खाचरावर आज ही आमची इमारत उभी आहे. परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, बाहेर धूर आहे, खिडक्या लावून घ्या. मी उठले आणि होत्या तेवढ्या सगळ्या उघडल्या.