वर केलेला हात

चाळिशीत डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून मी पळायला लागलो. जामखेडजवळच्या आमच्या गावात शाळेतला गुरुजी सकाळी हाफपँट घालून पळतोय, हे कुणाच्या पचनी पडेना. पहिल्याच दिवशी दूधवाल्यानं मोटारसायकल थांबवून काळजीनं विचारलं, "गुरुजी, कोन गेलं?"

आमच्याकडे पायी चाललेल्या माणसाला गाडीवाला ओलांडून जात नाही, थांबून 'बसा' म्हणतो. पळणारा दिसला तर हमखासच. या थांबण्यापायी माझी वेळ बिघडायची. स्वभाव मुळात तिरसट. एकदा त्याच दूधवाल्याला चारचौघांत झापलं, की पुन्हा माझ्यापाशी ब्रेक मारायचा नाही. पुढं पुढं बोलण्यात दम घालवण्यापेक्षा मी नुसता हात वर करायचो, म्हणजे जा पुढं. महिन्याभरात रस्त्यावरच्या सगळ्यांना ते कळलं.

दोनाचे पाच किलोमीटर झाले. नगरला दहाच्या शर्यतीत मेडल मिळालं, ते वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवलं. मग मी एकवीसच्या मागं लागलो.

रविवारी पळून झालं की रानात वडिलांपाशी चहा व्हायचा. त्या रविवारी ते बांधावर छाती धरून बसले होते, सदरा घामानं भिजलेला. माझा मोबाईल घरी होता, वडील तर वापरतच नसत. पळताना ओझं नको म्हणून मी तो नेतच नसे. गाव तीन किलोमीटर. त्यांना लिंबाखाली निजवलं आणि निघालो. तसा मी कुठल्या शर्यतीतही पळालो नव्हतो.

मागून दूधवाला आला. ओरडायला छातीत दम उरला नव्हता, म्हणून हात वर केला. त्यानं हॉर्न दिला आणि पुढं गेला. मग टेम्पो आला. मी दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरनं हसून अंगठा दाखवला.

गावातून जीप घेऊन परतलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दहाव्याला दूधवाला आला. जवळ येऊन म्हणाला, "तुमी हात केला. मला वाटलं, जा म्हनताय."

त्याच्यावर चिडायला मी तोंड उघडलं, पण त्याचं काय चुकलं होतं? लाज माझी मलाच वाटली. अजून वाटते.

बूट माळ्यावर टाकलेत. डॉक्टर म्हणतात, निदान चाला. मग सकाळी त्याच रस्त्यानं जातो. मागून गाडीचा आवाज आला की दोन्ही हात खिशात घालतो. तरी कुणी थांबत नाही.