मेणातला वाकडा दात

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली ‘सेटमामा’ म्हणते, आणि यात गल्लीची काही चूक नाही. साच्यातलं प्लास्टर घट्ट झालं की ‘सेट झालं’. कवळी म्हणजे ‘सेट’. मेणात दात बसवायचे म्हणजे ‘सेट करायचे’. इथवर धंद्याची भाषा म्हणून सोडून देऊ. पण भाचीला नोकरी लागली, सेट झाली. शेजाऱ्यांचं भांडण मिटलं, सेट झालं. गजर सेट, चहाचा सेट, केससुद्धा सेट. एका इंग्रजी शब्दावर यांनी जन्म काढला, असं त्याची बायको म्हणते.

आणि तिचेच दात एकेक करून गेले. दिव्याखाली अंधार! ती सगळं कुस्करून खाऊ लागली, बहिणीकडे जायची बंद झाली. कवळी लावून घे म्हणून मामाने महिनोन्महिने विनवण्या केल्या, तेव्हा कुठे म्हणाली, “एकदाच तोंडात घालून बघीन. नाही पटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.”

डॉक्टरांनी माप घेतलं. मामाने इतका जीव ओतून काम कधीच केलं नव्हतं. एकसारखी ओळ खोटी दिसते, हे त्याला माहीत होतं. शिवाय तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला असायचा. त्या दातावर तर तो भाळला होता! आठवून आठवून त्याने तो तसाच बसवला आणि तिला कामाच्या टेबलाशी बोलावलं.

तिने आरशात पाहिलं आणि कवळी काढून ठेवली.

“हा वाकडा का?”

“अगं, तुझाच आहे. होता अगदी तसा.”

“तेच म्हणतेय मी! तो पडला तेव्हा सुटले म्हटलं होतं.”

“मला आवडायचा गं.”

“तुम्हाला आवडायचा. आरशात मला बघावं लागायचं.”

मामाला वाईट वाटलं, पण विषय कायमचा बंद होण्याची भीती जास्त होती. त्याने पातं तापवलं, मेण मऊ केलं आणि दात सरळ केला.

तिने पुन्हा कवळी घातली. बराच वेळ पाहत राहिली, मग हसली. अगदी मनापासून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

“आज हसताना तोंडावर हात नाही घेतलास?” मामाने विचारलं.

“तो दात झाकायला घ्यायचे. तुम्हाला काय वाटलं होतं?”

ती लाजते, असं वाटलं होतं. लग्नाच्या दिवसापासून.