उन्हात टाकलेली उशी

समोरच्या गॅलरीत कुणीतरी दोन उशा उन्हात टाकल्यात, एकमेकींना टेकून. त्या पाहिल्या आणि सासूबाई आठवल्या.

मला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी माझी उशी आपल्या खोलीत नेली. "तीन महिने माझ्याजवळ झोपायचं," म्हणाल्या. नवरा दाराशी घुटमळून परत गेला. मळमळीने मला जेवण नकोसं झालं होतं, पण त्याचा स्पर्श कधी नव्हे इतका हवासा वाटायचा, आणि त्याचीच लाजही वाटायची.

तपासणीला सासूबाई सोबत होत्या. तरी मी धीर करून विचारलंच. डॉक्टरीणबाई हसल्या. "तुझं सगळं छान चाललंय. तुला हवंसं वाटतंय ना? मग दोघं खुशाल जवळ या. बाळाला काही होत नाही." सासूबाई भिंतीकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी माझी उशी आमच्या पलंगावर होती. सासूबाई तिला धुतलेला अभ्रा घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्हाला विचारायचं सुचलंच नाही गं."

नवऱ्याने मला जवळ घेतलं ते काचेचं भांडं धरावं तसं. मग दोघांनाही हसू फुटलं आणि भीती पळाली. आई होऊ घातलेलं माझं अंग त्या सुखात पुन्हा माझंही झालं.

याबद्दल सासूबाईंचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे? दुसऱ्या दिवशी मी त्यांची उशी उन्हात टाकली. संध्याकाळी तिची ऊब चाचपून त्या नुसत्या हसल्या.