पेंढ्यातली केळ

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा निवृत्त पोस्टमन डेन्झिल पेंगेली हिवाळ्याआधी परसातल्या केळीचा बुंधा पेंढ्याने झाकायचा. यंदा मात्र पठ्ठ्याने भिजल्या पेंढ्यावर प्लास्टिकही करकचून गुंडाळलं. एप्रिलमध्ये सोडलं, तर आत काळा, बुळबुळीत लगदा आणि त्यात गलेलठ्ठ गोगलगायी! त्या घाणेरड्या वासाने त्याला उमासे आले.

"शी! केळ आहे की कुजलेला उंदीर?" बायको लोवेना नाकाला एप्रन लावून ओरडली.

डेन्झिल पचकन थुंकला. कुंपणापाशी मेव्हण्याने दिलेला पाम उभा होता. मरावा म्हणून त्याने तो बर्फात उघडाच ठेवला होता, तरी मेला हिरवागार डुलत होता.

"हा कसा जगला मग?"

"त्याची तू काळजी घेतली नाहीस ना," लोवेना म्हणाली.