लालसिंग पंच आणि जपानी पट्टा

राळेगावच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाचे बोजे वाहणाऱ्या लालसिंग आडेला त्याच्या तांड्यापासून थेट वणीपर्यंत सारे लोक पंच म्हणत. कुस्तीच्या दंगलीत मातीच्या कडेला वाकून उभा असलेला, तळहात गुडघ्यांवर टेकवलेला, पापणी लवू न देणारा हा सहा फुटी मौनी पुरुष ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरणे अवघड आहे. त्याच्या निवाड्यात अनुकंपेला स्थान नव्हते. मल्लाचे दोन्ही खांदे निमिषमात्र मातीला टेकले की त्याची शिटी वाजे आणि कुस्ती संपे. पडलेला मल्ल पुढल्याच श्वासाला उसळून वर आला, तरी त्याचा उपयोग नसे. ‘पाठ लागली’ एवढे दोन शब्द बोलून लालसिंग वळे. एका गावी तेथल्या पाटलाच्या भाच्याची कुस्ती त्याने अशीच अर्ध्या मिनिटात संपवली, तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला. एका डोळ्याने जमावाकडे पाहत त्याने तेच दोन शब्द पुन्हा उच्चारले.

लोक या कठोरपणाला व्रत समजत. एक मनुष्य मात्र तसे समजत नव्हता. बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जहीरचा तो थोरला भाऊ, साजिद.

राळेगावच्या दंगलीत पितळी गदेची एक परंपरा होती. गदेचा धनी दर वर्षी ती आणून मातीत उभी रोवी. ज्याला आव्हान द्यायचे असेल, त्याने पुढे होऊन तिला हात लावावा. पाच वर्षे ज्याने ती राखली, त्याच्या घरी ती कायमची जाई. पंच होण्याआधी लालसिंग स्वतः मल्ल होता आणि त्याने ती चार वर्षे राखली होती. पाचव्या वर्षी साजिदने हात लावला.

त्या दिवशी काय घडले, हे दोनच माणसांना ठाऊक होते. साजिदने खाली बसून, पाय कवळून लालसिंगचा पट काढला आणि त्याला उताणे पाडले. धूळ उसळली. त्या कुस्तीचा पंच त्या वेळी पलीकडच्या बाजूला होता. दोन्ही खांदे टेकल्याचे साजिदला स्वतःच्या हातांखाली जाणवले. कुस्ती संपली असे समजून त्याने मिठी सैल केली आणि पंचाला दिसावे म्हणून हात वर केला. त्याच क्षणी लालसिंगने खालून त्याची मान काखेत घेतली, कंबरेचा झोका दिला आणि त्याला डोक्यावर उलटे आपटले. ओले लाकूड मोडावे तसा आवाज झाला, असे कडेला बसलेले लोक पुढे कित्येक वर्षे सांगत. साजिदच्या नाकातोंडातून रक्त आले, टाचा माती खरवडत राहिल्या. डफडी वाजतच होती. गदा लालसिंगच्या घरी गेली.

साजिद वाचला. उजवा हात मात्र खांद्यापासून वाळत गेला. शुद्धीवर येताच तो म्हणाला, “त्याची पाठ लागलती.” लोकांनी मान हलवली. बिचाऱ्याच्या डोक्याला मार बसला आहे, असे आपसात म्हणाले. सख्ख्या भावानेही तेच मानले. वर्षभराने साजिदने ते बोलणे सोडून दिले. लालसिंगनेही त्याच वर्षी लंगोट सोडला आणि शिटी धरली. एका माणसाने आपली पाठ लागल्याचे कबूल करावे, एवढीच दुसऱ्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेला बारा वर्षे उलटली.

त्या बारांतली शेवटची तीन कापसाची वाईट वर्षे होती. गावोगाव दंगलीची वर्गणी जमेना. ज्या गल्लीत दोन घरांना सुतक, तिथे डफडे कोणी वाजवावे? तीन हंगाम राळेगावची माती कोणी खणली नाही. पंचाची शिटी खुंटीला लटकून राहिली.

अशा कोरड्या काळात जहीरने वणीच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या व्हिडिओ कॅसेटींचे खोके आणले. खाणीत यंत्र बसवायला आलेला कोणी जपानी कारागीर ते मागे ठेवून गेला होता. खोक्यात सात कॅसेटी होत्या. अक्षरे कळेनात, पण एक ते सात असे आकडे होते. पहिली लावून पाहिली तेव्हा दोराने वेढलेल्या चौथऱ्यावर दोन धिप्पाड जपानी एकमेकांना झोडपताना दिसले. त्यांपैकी एकाच्या कमरेला ताटाएवढा पट्टा होता. तो पट्टा राखण्यासाठी त्याने लढलेल्या सात कुस्त्या त्या खोक्यात होत्या. त्या देशाची फीत आपल्या यंत्रावर लावली की रंग उडतात, म्हणून सारे काळेपांढरे दिसे. जहीरने बाजारच्या दिवशी दुपारी दुकानात एकेक कुस्ती दाखवायचे ठरवले.

“निवाडा कराले लालसिंगले बोलाव,” साजिद म्हणाला. तो डाव्या हाताने एका रेडिओच्या तारेला डाख देत होता.

“तो कायले येईन, भाईजान? बारा वर्षांत या गल्लीतून गेला नाही तो.”

“कुस्ती आहे म्हण. येईन.”

लालसिंग आला. निघताना त्याची बायको जमनी म्हणाली होती, “दुसऱ्याच्या दारात बसून टीव्ही पाहाचं वय हाये का तुमचं?” गोणपाटात गुंडाळलेली गदा दाराआड उभी होती. दसऱ्यालाही तिला कधी हळदकुंकू लागले नव्हते. जमनीने त्याचे कारण एकदाच विचारले होते.

दुकानात वीसेक माणसे दाटली होती. पुढे लालसिंगच्याच तांड्यातला किसनसिंग बसला होता, ज्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसे. पहिली कॅसेट लागली आणि दुसऱ्याच मिनिटाला आव्हान देणाऱ्याने पट्टेवाल्याला उचलून पाठीवर आपटले आणि वर आडवा पडला. तिथल्या पंचाने फळीवर हात आपटत एक, दोन असे मोजले. तिसऱ्याच्या आधी पट्टेवाल्याने खांदा उचलला.

“पाठ लागली,” लालसिंग म्हणाला. “गेला पट्टा.”

“थांबा ना, लालसिंगभाऊ,” जहीर म्हणाला. “त्यांच्यात तीन मोजेपर्यंत दाबून ठेवा लागते.”

“माती काय मोजून लागते का?”

“अरे पंच,” किसनसिंग म्हणाला, “अजून सहा फिती बाकी आहेत. पट्टा आताच गेला, त मंग तो पुढं काय बांधून लढते? जमनीची परात?”

दुकान हसले. लालसिंग हसला नाही. पुढे वीस मिनिटे त्या दोघांनी एकमेकांची हाडे मोजली आणि अखेरीस पट्टेवाला जिंकला. जहीरने भिंतीवर खडूने दोन रकाने आखले. एकात जपानचा निकाल लिहिला, दुसऱ्यात लालसिंगचा.

असे आठवड्यामागून आठवडे चालले. तिसऱ्या कुस्तीत पट्टेवाल्याने आपल्या कपाळाने दुसऱ्याचे कपाळ फोडले. एकदा, दोनदा, पाच वेळा, मोगरीने हरभऱ्याचा घाटा फोडावा तसे. रक्त काळे दिसे. डांबरासारखे ते नाकावरून ओघळे आणि फळीवर ठिपके पडत. चौथीत एकाचे बोट उलटे वाकवून दोरात अडकवले. प्रेक्षक श्वास रोखून पाहत. साजिद मात्र पडद्याकडे क्वचितच पाही. तो लालसिंगच्या हातांकडे पाही. प्रत्येक वेळी पट्टेवाल्याचे खांदे टेकले की त्या हातांची बोटे वळत, आणि मग तेच दोन शब्द येत. भिंतीवर एका रकान्यात पट्टेवाला सतत जिंकत होता, दुसऱ्यात सतत हरत होता.

पाचव्या कुस्तीत मौज झाली. दोघे छातीला छाती भिडवून उभे राहिले आणि पाळीपाळीने एकमेकांच्या उघड्या छातीवर तळहाताच्या कडेने वार करू लागले. कोणी वार चुकवीना, कोणी हात आडवा घालीना. कातडी सोलून निघाली तरी थांबेनात.

“हे बरं आहे,” लालसिंग म्हणाला. निवाडा सोडून त्या दुकानात आपणहून बोललेले त्याचे ते पहिलेच वाक्य. “ज्याची पाळी तो मारते. चोरी नाही.”

साजिदने डाखाची कांडी खाली ठेवली. “चोरी नाही,” तो म्हणाला, आणि पुन्हा कांडी उचलली.

सहावीच्या दिवशी यवतमाळच्या कॉलेजातून शिकून आलेला एक जण म्हणाला की हे सारे आधी ठरवलेले असते, कोण पडणार हे त्यांना आधीच ठाऊक असते.

“असन ठरवलं,” लालसिंग म्हणाला. “मान थोडीच ठरवून मोडते.”

तेवढ्यात वीज गेली.

सातव्या कुस्तीपूर्वी जहीरने अमरावतीहून कसलासा सुटा भाग आणून यंत्र दुरुस्त केले. त्या दुपारी पडदा प्रथमच रंगीत झाला. लोक सुखावले. पट्टा सोन्याचा निघाला, दोर लाल, फळी निळी. कुस्ती सुरू होताच आव्हान देणाऱ्याने पट्टेवाल्याच्या ओठावर कोपर हाणले, आणि रक्त रक्तासारखे दिसले. लालसिंगने मान किंचित वळवली, मग पुन्हा समोर पाहिले.

अठराव्या मिनिटाला पट्टेवाला उताणा पडला. दुसरा त्याच्यावर कोसळला. पंचाचा हात दोनदा आपटला. तिसऱ्यांदा तो वर गेला तोच गर्जना इतकी झाली की आव्हान देणाऱ्याला आपण जिंकलो असेच वाटले. तो गुडघ्यांवर उठला, हसला, आणि त्याने एक हात आकाशाकडे उंचावला. पट्टेवाल्याने मागून त्याच्या कमरेला विळखा घातला, त्याला उचलले आणि मागे झुकत मानेवर आपटले. त्याची मान शरीराखाली मुडपली. निळ्या फळीवर लाल डाग पसरला. त्याचा उजवा हात एकटाच, दुसऱ्या कोणाचा असावा तसा, थरथरत राहिला. पंचाने सावकाश तीन मोजले.

जहीर खडू घेऊन भिंतीपाशी उभा होता.

“निवाडा सांग, पंच,” साजिद म्हणाला.

लालसिंग साजिदकडे वळला. “पाठ लागलती,” तो म्हणाला.

“कोनाची?”

पंखा फिरत होता. किसनसिंगसुद्धा मागे वळून पाहू लागला.

“मायी,” लालसिंग म्हणाला. “मायी लागलती, साजिदभाई. दोन्ही खांदे. तू सोडलं, अन् मी धरलं.”

जहीरच्या हातातला खडू मोडला. बारा वर्षे त्याने स्वतःच्या भावाला वेडा मानले होते. त्याने टेबलावरचा लोखंडी पाना उचलला आणि लालसिंगच्या जबड्यावर घातला. दात फरशीवर पडल्याचा आवाज आला. दुसरा घाव कानशिलावर बसला. लालसिंगने हात वर केले नाहीत. रक्त हनुवटीवरून सदऱ्यात उतरत होते, आणि तो साजिदकडेच पाहत होता.

“जहीर, बाजूले हो,” साजिद म्हणाला. “कुस्ती मायी होती.”

तो उठून मागल्या अंगणात गेला. लालसिंग त्याच्यामागे गेला, आणि त्याच्यामागे सारे दुकान. अंगणात निंबाखाली मोकळी काळी माती होती.

“सदरा काढ.”

लालसिंगने सदरा काढला. साजिदने डावा हात मागे नेला आणि तळहाताच्या कडेने त्याच्या छातीवर वार केला. आवाज झाला, कातडीवर लाल पट्टी उमटली.

“आता तुयी पाळी.”

“नाही साजिदभाई.”

“मार. हळू मारला त तोंडावर थुंकीन. मले लुळा समजून मारू नको.”

त्या क्षणी लालसिंगच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्याला भय म्हणावे की आदर, हे सांगणे कठीण. त्याने मारले. खरेखुरे, पूर्ण बळाने. साजिद तीन पावले मागे भेलकांडला, निंबाच्या खोडाला आदळला, वाळलेला हात दोरीसारखा हेलकावला. जहीर धावला, त्याला साजिदने पायाने ढकलून दिले. मग तो परतला आणि त्याने मारले. आणि पुन्हा पाळी सोडली. असे नऊ वेळा झाले. साजिदच्या छातीवरचे कातडे फुटले. लालसिंगच्या दोन फासळ्या त्या दुपारी मोडल्या, हे पुढे डॉक्टरने सांगितले. कोणीही मध्ये पडले नाही. दोघांच्या तोंडून हुंकारापलीकडे काही निघत नव्हते, आणि बारा वर्षे ज्याच्याकडे लोकांनी दयेने पाहिले, त्या माणसाचा चेहरा रक्ताने आणि घामाने न्हालेला, उजळ दिसत होता.

दहाव्या खेपेला साजिदने वार केला नाही. तो खाली बसला, त्याने लालसिंगचा डावा पाय एका हाताने कवळला आणि खांदा लावून रेटले. लालसिंग पडला. तो पडला की त्याने पडू दिले, याविषयी राळेगावात अजून दोन मते आहेत. दोन्ही खांदे मातीत रुतले. साजिद त्याच्यावर आडवा झाला.

जहीर गुडघ्यांवर बसला आणि त्याने जमिनीवर हात आपटला. “एक...”

“मोजू नको,” साजिद म्हणाला. “आपल्यात मोजत नाहीत.”

लालसिंगच्या तोंडात रक्त होते. त्याने ते एका बाजूला थुंकले, आणि त्याच्या छातीवर डोके ठेवून धापा टाकणाऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तो म्हणाला, “पाठ लागली.” तरी साजिद बराच वेळ उठला नाही. त्याने या वेळी मिठी सैल केली नव्हती.

पुढल्या बाजारच्या दिवशी जमनी गोणपाटाचे गाठोडे डोक्यावर घेऊन दुकानात आली. तिने ते टेबलावर ठेवले आणि पाणीही न घेता निघून गेली. साजिदने गोणपाट सोडले. गदा डाव्या हाताने उचलून पाहिली. ती जड होती, कोपराच्या उंचीपर्यंतच उचलली गेली. मग त्याने ती मांडीवर आडवी घेतली, जहीरकडून थोडी चिंच मागवली आणि पितळेवर बारा वर्षांत धरलेला हिरवा कळंक तो अंगठ्याने घासू लागला.